पाठीवरचा भुसा

एशग्राबेन, ११ नोव्हेंबर १९६७

कास्पर,

बाबांच्या दोन बरगड्या मोडल्यात. डॉक्टरला सांगितलंय की ओंडक्यांच्या ढिगावरून पडले. तो म्हणतो, "ढिगाला हात फुटले होते की काय?" मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही पट्ट्या बांधा." तेव्हा कुठे गप्प बसला.

तुझा पत्ता मावशीनं दिला. न्यूशातेलला पोचलास, त्या द्राक्षबागवाल्याकडे राहायची सोय झाली, फ्रेंच शिकतोयस, हे बरं झालं. सोबत घरचं सॉसेज आणि मोज्यांचे दोन जोड आहेत. सॉसेज एकट्यानं खा, बागवाल्याला वास देऊ नकोस.

आता ऐक. तू बाबांना आपटलंस म्हणून मी रागावलेली नाही. ओंडके ओढायच्या आकड्यानं त्यांनी तुझ्या पाठीवर जे काढलं होतं, ते मीच पुसलंय. आई गेल्यापासून तो आकडा लाकडात कमी आणि तुझ्या अंगात जास्त. कधीतरी कोणीतरी त्यांना उचलणारच होतं. ते स्वतःच परवा म्हणाले, "पोरगं दुष्ट निघालं." आखाड्यातल्या म्हाताऱ्याच्या तोंडी दुष्ट म्हणजे शाबासकीच, तुला माहीत आहे.

पण नंतर तू जे केलंस ना, ते त्यांना पचत नाही. आरागिरणीच्या भुशात ते उताणे पडलेले, श्वास अडकलेला, तोंडातून रक्त. आणि तू त्यांना हाताला धरून उठवलंस आणि त्यांच्या पाठीवरचा भुसा झाडलास! गाडीवाल्यांसमोर, वेर्नरसमोर! जेवताना मध्येच त्यांनी सुपाची वाटी भिंतीवर फेकली. "पाडलं, ठीक. पण मला झाडलं? मला?"

भुशातल्या कुस्तीत जिंकलेला हरलेल्याची पाठ झाडतो, कारण दोघांनी आधी हात मिळवलेले असतात. तू मिळवला होतास? मागून कंबर धरलीस. ज्यानं आधी हात दिला नाही, त्यानं नंतर पाठ झाडायची नसते. हे माझं नाही, वेर्नरचं म्हणणं आहे. तो नुसता आपला मुकादम असता तर मी तुला लिहिलंच नसतं, पण तुला पहिला डाव त्यानं शिकवलाय, तेव्हा त्याचं ऐक.

वर्षभर येऊ नकोस. बाबांना बरगड्या जुळल्यावर आकडा पुन्हा उचलता येईल.

तुझी बहीण,
एल्सबेथ

*

एशग्राबेन, ४ सप्टेंबर १९७३

कास्पर,

वर्तमानपत्रात कुस्त्या जिंकल्याचा तुझा फोटो आलाय. डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट, शेजारी बक्षिसाचा बैल. दोघांत बैल जास्त देखणा.

वेर्नरचा खांदा बसवायला तीन माणसं लागली. एकानं छातीवर गुडघा रोवला, दुसऱ्यानं हात ओढला आणि तिसरी मी, त्याच्या दातांत कातड्याचा पट्टा धरून. हाड बसलं तेव्हा ओंडका उभा फाटल्यासारखा आवाज आला. डॉक्टर म्हणतो, हाड जागेवर आलं पण आतलं सगळं तुटलंय, हा हात खांद्याच्या वर जायचा नाही. आणि हा गडी त्या बाकावर, घामानं निथळत, मला काय सांगतो? "कास्परनं डाव सुरेख टाकला गं. उजवीकडे जातो असं दाखवलं आणि डावीकडे गेला." मी म्हटलं, "तोंड बंद कर, नाहीतर दुसरा खांदा मी काढीन."

पाडल्यावर तू त्याला उठवलंस, त्याची पाठ झाडलीस, हलक्या हातानं, दुखरा खांदा सोडून. सगळं मैदान उभं राहिलं. त्या वेळी मला तुझा अभिमान वाटला. एकदा लिहिलंय, पुन्हा म्हणणार नाही. बाबा जिवंत असते तर तेही उभे राहिले असते, शिव्या देत.

आणि सोमवारी तुझ्या बर्नच्या बँकेनं तुला खिडकीवरून उचलून मोठ्या गिऱ्हाइकांच्या खोलीत बसवलं म्हणे! इतकी वर्षं तू खिडकीत मान मोडून बसलास तेव्हा कोणाला दिसला नाहीस. एका माणसाचा खांदा उखडलास आणि मोठे साहेब जिना उतरून हात मिळवायला आले. असो. बँकेची रीत बँकेला ठाऊक.

आता माझी बातमी. ऑक्टोबरात मी वेर्नरशी लग्न करतेय. हसू नकोस. ओंडके उचलणं संपलं म्हणून तो आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. मग गावची बचत बँक सांभाळणारे ओबर्ली गुरुजी काठी टेकत आले आणि म्हणाले, "माझे डोळे गेले, तुझा हात गेला. बँकेला डोळेही पुरतात." गावच्या पंचांनी काम त्याला दिलंय. आपल्याच पुढच्या खोलीत लाकडी खिडकी बसवणार, फळ्या गिरणीतल्या. म्हणजे माझ्या नवऱ्याला बँकवाला तूच केलंस.

लग्नाला ये. बैल आणू नकोस.

एल्सबेथ

*

एशग्राबेन, १९ जानेवारी १९८२

कास्पर,

डुक्कर कापायच्या दिवशी आलास, बायकोला घेऊन आलास, बाह्या वर करून रक्त ढवळलंस, बरं वाटलं. तुझी बायको घंगाळाकडे पाठ करून उभी राहिली, पण सॉसेज तीन खाल्ली. चालायचंच.

झुरिकला गेल्यापासून तू भराभर चढलास. वर्षातले ते सक्तीचे आठवडे लष्करात काढून कॅप्टन झालास, त्याच वर्षी विभागाचा प्रमुख. वेर्नर म्हणतो, झुरिकच्या बँकेत खांद्यावरची पट्टी वाढली की टेबलही वाढतं. मला त्यातलं काही कळत नाही. पण तू टेबलावर जे बोललास ते मला कळलं, आणि तेव्हापासून घशात अडकलंय.

तू म्हणालास, "माणसाला कामावरून काढायचं ना बेथली, तर उभं राहून काढायचं. हात मिळवायचा, मग खांद्यावरून, पाठीवरून असा हात फिरवायचा, भुसा झाडल्यासारखा. तो भांडतच नाही. त्याला वाटतं, आपण नीट लढून हरलो." तुझी बायको हसली. वेर्नरनं काटा खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. तू पाहिलंस का? नाही. तू मोहरीची चटणी मागितलीस.

काल लांगनाउच्या बाजारात मला बिग्लरची बायको भेटली. तुमच्या झोलोथर्नच्या शाखेचा बिग्लर, ज्याला तू नाताळाआधी काढलंस तो. तू त्याची पाठ झाडलीस, आणि तो शांतपणे तुझ्या खोलीबाहेर आला, आणि दाराच्या काचेतून त्यानं आपली मूठ आरपार घातली. मग दुसरी. मनगटाच्या शिरा दोन्हीकडच्या तुटल्या. लाद्यांवर इतकं रक्त की शिपाई घसरून पडला. वाचला बिचारा, पण बोटं मिटत नाहीत, बायको भरवते. ती मला म्हणाली, "तुमच्या भावानं ओरडून काढलं असतं तरी चाललं असतं हो. शिवी दिली असती तरी चाललं असतं."

अरे शहाण्या, त्या माणसानं तुझी कंबर धरली होती का? त्याला माहीत तरी होतं का की कुस्ती लागलीय? आखाड्यातली एक चांगली चाल उचलून तू तिची सुरी केलीस. बाबांच्या वेळी पोर होतास, मी समजून घेतलं. आता मोठा झालायस. पुन्हा ऐकलं तर मी स्वतः झुरिकला येऊन तुझ्या त्या काचेच्या दारात तुला आपटीन, आणि मुळीच झाडणार नाही.

एल्सबेथ

*

एशग्राबेन, १६ मार्च १९९२

कास्पर,

हे पत्र पुरतं वाच. तुझ्या सेक्रेटरीला वाचायला देऊ नकोस.

नाताळात माझ्या स्वयंपाकघरात बसून तू म्हणालास, "गावची बँक आमच्यात येऊ दे, खिडकी राहील, वेर्नरही राहील." आणि माझ्या चुलीसमोर तू वेर्नरशी हात मिळवलास. मी पाहिलंय. त्या हातावर वेर्नर घरोघर गेला. "माझ्या मेहुण्यानं हात दिलाय," एवढंच म्हणायचा. त्या शब्दावर गावानं आपली बँक तुझ्या हवाली केली. एकानंही कागद नीट वाचला नाही. हात दिल्यावर कागद कोण वाचतो आपल्याकडे?

आणि शनिवारी तू 'अस्वल' खानावळीत दोन वकील घेऊन आलास. आता तू संचालक. अख्खं गाव बाकांवर बसलेलं. तू म्हणालास, खिडकी महिनाअखेर बंद, हिशेब लांगनाउला. मग वेर्नरला पुढे बोलावलंस, त्याचे आभार मानलेस, त्याचा हात हातात घेतलास आणि त्याचा खांदा झाडलास. उजवा. कास्पर, उजवा! जो तू उखडलास तो! आणि झाडतोस! कशाचा भुसा होता रे त्याच्या कोटावर?

मला वाटलं तो तिथेच तुझा गळा धरील. नाही धरला. घरी आला, कोट खुंटीला लावला, गिरणीतून मोठी कुऱ्हाड आणली आणि पुढच्या खोलीतली खिडकी फोडली. फळ्या, गज, टेबल, ओबर्ली गुरुजींची खुर्ची, सगळं. त्याचा उजवा हात वर जात नाही, म्हणून डाव्यानं घाव घालत होता, आडवे, झाड तोडतात तसे. एक ढलपी उडून माझ्या भुवईत घुसली. तीन टाके पडले. त्याला कळलंही नाही. तो घाव घालता घालता एकच म्हणत होता, "हात दिला होता. हात दिला होता."

लष्करानं घरोघर दिलेली बंदूक आमच्याही कपाटात आहे. तिचा खटका मी काढून पिठाच्या डब्यात पुरलाय. तुला का सांगतेय? कारण तुझ्यासाठी पुरलाय. स्वतःसाठी त्याला बंदूक लागणार नाही, त्याला गिरणी आहे.

रविवारी खिडकीतून दगड आले. आज सकाळी ब्लेस दारात सापडला, डोकं ठेचलेलं. बारा वर्षांचा म्हातारा कुत्रा, भुंकायचाही नाही. गावाला वाटतं, मेहुण्या-मेहुण्यांनी मिळून गाव विकलं. त्यांना मी तरी काय सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ.

एल्सबेथ

*

एशग्राबेन, ९ एप्रिल १९९२

फुलं मिळाली. डुकरांना घातली.

नेमबाजीच्या मैदानामागे चौघांनी वेर्नरला धरलं. पुढचे दात गेले. त्यानं बोटही उचललं नाही. मी विचारलं, "अरे पैलवान ना तू?" तर म्हणतो, "त्यांना मी तुझ्या भावाचा हात दिला होता. ते मला नाही, त्या हाताला मारत होते."

पुन्हा काही पाठवू नकोस.

*

एशग्राबेन, २२ ऑगस्ट १९९३

कास्पर,

हे पत्र नर्सबाई तुला वाचून दाखवतील. बाई, माझं अक्षर वाईट आहे, माफ करा. शिव्या आल्या तर गाळू नका, त्याला सवय आहे.

डॉक्टर म्हणतात, मानेखाली काही चालत नाही आणि त्या दिवसातलं तुला काहीच आठवत नाही. म्हणून सांगते.

गावच्या कुस्त्यांना बैल तुझ्या बँकेनं दिला होता. भुसा आपल्या गिरणीतला, मी स्वतः दाताळ्यानं पसरला होता. जुन्या मुकुटवाल्यांची एक मानाची कुस्ती ठेवा असं कमिटीला सुचलं. तुला बोलावलं, तू हो म्हणालास. फोटोवाले येणार होते ना! गावानं तोंड फिरवलंय, एकदा भुशात उतरलो की सगळं धुऊन निघेल, असं तुला वाटलं असणार. समोर कोण, हे विचारल्यावर कमिटीतले एकमेकांकडे बघायला लागले. वेर्नर उठला. वर्षभर तो माणसांत गेला नव्हता. म्हणाला, "मी."

निळ्या सदऱ्यांवर जाड तागाच्या चड्ड्या चढवून दोघं उतरलात. दोघांची पोटं पट्ट्याबाहेर आलेली, लोक हसत होते. तू हात पुढे केलास. वेर्नरनं तो घेतला आणि सोडीचना. पंच म्हणाला, "अरे लग्न लावताय की कुस्ती?" तेव्हा सोडला.

सुरुवातीला तू त्याला दोनदा गुडघ्यावर आणलंस. उजवा खांदा दाबत होतास, मला दिसत होतं. "कास्पर, तो खांदा सोड!" म्हणून मी ओरडले. तू नाही सोडलास. वेर्नरचं तोंड भुशात दाबलं गेलं, नाकातून रक्त आलं, तू वरून जोर लावतच होतास, आणि हसत होतास. मग तो खालून उठला. कसा उठला ते देवाला ठाऊक. डाव्या हातानं तुझ्या चड्डीचा पट्टा धरला, उजवा कसाबसा मांडीच्या शिवणीत अडकवला, आणि तुला असं अख्खं उचललं. तुझे पाय आकाशात गेले. आणि मग तू डोक्यावर आलास.

तो आवाज मला माहीत होता. गिरणीवाल्याची मुलगी आहे मी.

वेर्नर तुझ्याजवळ उभा राहिला. हात खाली सोडून. तुझी पाठ झाडायला वाकला नाही. बैल तेवढा हंबरत होता.

आता कोर्टाची गोष्ट. पाडताना पाडणाऱ्याचा निदान एक हात चड्डीवर पाहिजे. हात असला तर खेळ, कोणाचा दोष नाही. हवेत हात सोडून दिला असेल तर ती कुस्ती नव्हे, ते माणूस फेकणं. वेर्नरवर जाणूनबुजून जबर दुखापत केल्याचा आरोप ठेवलाय. मैदानातल्या पंचाच्या समोर वेर्नरची पाठ होती. टेबलावरचे दोन पंच दोन गोष्टी सांगतात. तुझ्या बँकेनं झुरिकहून वकील पाठवलाय, त्याला फार घाई आहे. वेर्नर तपास अधिकाऱ्यासमोर एक शब्द बोलत नाही.

मला विचारलं. मी सर्वांत पुढे बसले होते. मी सांगितलं, त्या क्षणी मी बैलाकडे बघत होते.

उशी उंच हवी असेल तर बाईंना सांग.

एल्सबेथ

*

एशग्राबेन, २१ नोव्हेंबर १९९३

कास्पर,

तू सांगून लिहवलेलं पत्र आलं. "मला सगळं आठवतं. डॉक्टरला मीच खोटं सांगितलं. तू काय पाहिलंस ते लिही, आणि कोर्टात मी काय सांगू तेही लिही." एवढंच. वाचून मी गिरणीत गेले आणि करवत चालू करून तिच्या आवाजात मनसोक्त ओरडले. मेल्या, जन्मभर कोणाला काही विचारलं नाहीस! बाबांना पाडताना विचारलंस? बँक गिळताना विचारलंस? आणि आता मानेखाली काही उरलं नाही तेव्हा मला विचारतोस, तुझी मान मोडणाऱ्या माझ्या नवऱ्याचं काय करू!

बैलाकडे नव्हते बघत. तुझ्या पट्ट्याकडे बघत होते. त्यानं सोडला, कास्पर. तू वर असतानाच दोन्ही हात उघडले, बोटं पसरून. निसटले नाहीत, सोडले. मला त्याचा चेहराही दिसला. राग नव्हता त्यावर. कुऱ्हाड चालवताना होता तसा नव्हता. हातातलं ओझं खाली ठेवताना माणसाचा चेहरा सैल पडतो ना, तसा होता.

त्यानंतर एकदाही आम्ही त्यावर बोललेलो नाही. तो सूप पितो, मी सूप पिते. परवा भाकरी कापताना सुरी माझ्या हातात होती आणि मला वाटलं, ही आत्ता त्याच्या पोटात घालावी. माझ्या भावाला मोडलंस म्हणून. आणि पुढच्याच क्षणी वाटलं, झुरिकची गाडी पकडावी, दवाखान्यात जावं आणि तुझ्या तोंडावर उशी दाबावी, माझ्या नवऱ्याला असा केलास म्हणून. मग मी भाकरी कापली. दोन तुकडे त्याला, एक मला.

नर्सबाईंनी मला फोनवर सांगितलं. तुझ्या जागी आलेला तो तरुण संचालक भेटायला आला होता, फुलं आणि निरोपाचा कागद घेऊन. तुझा हात उचलून त्यानं दोन्ही हातांत घेतला, हलवला, पुन्हा पांघरुणावर ठेवला. तुला ते कळलं नाही, तू भिंतीकडे बघत होतास. बाई रडत होत्या सांगताना. मला रडू आलं नाही. मला बिग्लर आठवला. मग फोन ठेवल्यावर आलं.

काय सांगू, विचारतोस. ऐक. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागते. हात होता म्हण. पट्ट्यावर हात होता, मला जाणवत होता, एवढं म्हण. त्याला आत टाकू नकोस. त्याचं वय आता पन्नासला टेकतंय, खांदा असा, दात नाहीत, तिथली माणसं त्याला फाडून खातील. तुझ्याशी तो वाईट वागला, मला माहीत आहे, कदाचित मलाच सर्वांत जास्त माहीत आहे. तरी भीक मागते. तू गेलास माझ्या हातून, तो तरी राहू दे.

एल्सबेथ

*

एशग्राबेन, १३ फेब्रुवारी १९९४

कास्पर,

कोर्टातून तुला लगेच गाडीत घातलं, म्हणून बोलता आलं नाही. तू माझ्यासाठी खोटं बोललास. सरकारी वकिलानं फिरवून फिरवून विचारलं आणि तू त्या चाकाच्या खुर्चीतून, श्वास तोडत, तिन्ही वेळा तेच म्हणालास, "हात होता. पट्ट्यावर. मला जाणवत होता." न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मागच्या बाकांवरचं अख्खं गाव सुस्कारलं. त्यात ते चौघंही होते. मला वाटलं, सुटलो. मी मनात तुझ्या पाया पडले, खरंच पडले.

आणि हा उठला. कोणी विचारलं नव्हतं. त्याचा वकील बाही ओढत होता.

"खोटं आहे," वेर्नर म्हणाला. "हात सुटला नाही. मी सोडला. दोन्ही."

न्यायाधीश म्हणाले, "वेर्नर त्साउग, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का? ज्याला लागलं तोच म्हणतोय की खेळ होता."

"तो मला झाडतोय, साहेब," वेर्नर म्हणाला. "मला तो आयुष्यभर झाडत आला. एकदाच त्याला तसा हक्क होता, आमच्या तरुणपणी, तेव्हा मी पाठ पुढे केली. आता नाही करणार. मी त्याला पाडलं नाही, फेकलं. जे केलं ते माझं आहे. ते तरी माझ्याकडे राहू द्या."

हे बोलताना तो तुझ्याकडे बघत नव्हता. आणि तू डोळे मिटलेस. तुझ्या गालावरून जे ओघळलं ते पुसायला तुला हात नव्हता, आणि मी दोन बाकं मागे होते.

साडेतीन वर्षं. घरी आल्यावर मी त्याच्या अंगावर भांडी फेकली. सांडशी, पातेलं, बाबांची ती तडकलेली वाटी. "माझ्यासाठी मागितलं होतं मी ते! माझ्यासाठी!" म्हणून ओरडत होते. त्यानं सगळं अंगावर घेतलं. मग तुकडे गोळा करायला खाली बसला, तर मीही बसले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. एक नवऱ्याचा सुंभ, एक भावाचा, आणि बाबांची मुलगी म्हणून तिसरा माझा.

सोमवारी त्याला न्यायला आले. पाणथळीकडचा तुरुंग, जिथे कैद्यांना शेतात राबवतात. निघण्याआधी त्यानं विचारलं, "त्याचा सदरा कुठे आहे?" दवाखान्यानं ऑगस्टातच तुझे कपडे पिशवीत घालून दिले होते. मी पिशवी उघडलीच नव्हती. त्यानं उघडली. निळा सदरा पुढून कात्रीनं कापलेला, पाठ शाबूत. पाठीवर भुसा अजून तसाच चिकटलेला, घामात आणि रक्तात वाळून. आपल्याच गिरणीतला.

मी म्हटलं, "दे, धुऊन टाकते."

"धुऊ नकोस," तो म्हणाला. "त्या दिवशी मी वाकलो नाही, कारण मला हक्क नव्हता. हात सोडून पाडलेल्याची पाठ कशी झाडायची? आता भोगून येतो. आलो की दवाखान्यात जाईन, त्याला हा सदरा पांघरीन, आणि मग झाडीन. त्यानं परवानगी दिली तर."

मग पोलिसाला म्हणाला, "चला." डाव्या हातानं आपलं बोचकं उचललं. मागं वळून पाहिलं नाही, पण दारात ब्लेसची साखळी अजून लटकतेय, ती त्यानं जाताना नीट खिळ्यावर अडकवली.

सदरा मी पुढच्या खोलीत, खिडकी होती त्या जागी टांगलाय. गिरणीत टांगला असता तर त्यावर नवा भुसा बसला असता. खोलीत मी झाडू फिरवत नाही. गावातल्या बायका डोकावून जातात. काल त्या चौघांपैकी एकाची बायको दूध ठेवून गेली, बोलली नाही.

शनिवारी मी येतेय. परवानगी देतोस की नाही ते तोंडानं सांग, नर्सबाईंकडून लिहवून पाठवू नकोस. नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही. आणि रागावले तर तुला सवय आहे. पण डॉक्टर फोनवर म्हणाले, तू जेवत नाहीस, तोंड फिरवतोस. ते चालायचं नाही. साडेतीन वर्षं म्हणजे साडेतीन वर्षं. तोवर जिवंत राहा, मेल्या. पाठ झाडायची तर पाठ असलेला माणूस लागतो.

तुझी बहीण,
एल्सबेथ